सुरश्री केसरबाई केरकर : एक स्वर, ताऱ्यांच्या दिशेने

भिवंडीत वाढलेल्या माणसाला शांततेची सवय नसते. दिवसरात्र चालणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट कानांत इतका मुरलेला असतो की तो ऐकूच येत नाही. वीज गेली आणि माग थांबले, की इतका वेळ आपण काय ऐकत होतो ते उमगते. आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाचा हा अनुभव असेल. वीज गेली की आम्ही मुले पुस्तके मिटून गच्चीवर जात असू. गावातले दिवे विझलेले असल्यामुळे एरवी न दिसणारे तारे त्या वेळी दिसत.

त्याच गच्चीवर अलीकडे मी अधूनमधून मुलांना आकाश दाखवायला येतो. अशाच एका रात्री सातवीतल्या एका मुलाने विचारले की, एवढे तारे आहेत तर कुठेतरी कोणीतरी राहत असणारच, मग ते आपल्याशी बोलत का नाहीत? त्याला उत्तर देऊ लागलो तोच मागे बसलेल्या एका मुलीने उलटा प्रश्न केला. आपण तरी त्यांच्याशी काही बोललो आहोत का, आणि बोललो असू तर आपल्या सगळ्यांच्या वतीने कोण बोलले? पहिल्या प्रश्नाची उत्तरे पुस्तकांत सापडतात. दुसऱ्या प्रश्नाने मला एका स्त्रीच्या चरित्राकडे नेले. पृथ्वीवरील मानवजातीचा जो ध्वनिसंदेश आज सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे गेला आहे, त्यात भारतीय संगीताच्या वतीने एकच आवाज आहे. तो गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाईंचा. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा त्यांच्याविषयीच लिहावे असे ठरवले.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी फोंडा तालुक्यातील केरी येथे झाला. गावाच्या नावावरूनच त्या केरकर. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती. ज्या समाजात त्या जन्मल्या, त्याला कलावंत म्हणत. मोठ्या देवळांच्या आश्रयाने आणि देवळांच्याच बंधनात जगणारा हा समाज. त्यातील स्त्रियांनी देवापुढे व श्रीमंतांच्या बैठकीत गावे, नाचावे. प्रतिष्ठित संसार मात्र त्यांच्या वाट्याला येऊ नये. मुलांनी आईच्याच नावाने ओळखले जावे, अशी ती व्यवस्था होती. गाणे सगळ्यांना हवे होते, पण गाणारीला पंक्तीत स्थान नव्हते. आपल्या वाचकांना ही रीत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. हातांचे श्रम हवेत पण तो हात नको, हेच सूत्र येथे कंठाला लावलेले होते. पुढे १९३४ मध्ये मुंबई प्रांतात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि जून १९३६ मध्ये बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर बोलताना हे जिणे सोडून देण्याचे आवाहन केले. गोव्यातील कलावंत समाजानेही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संघटित होऊन गोमंतक मराठा समाज हे नाव धारण केले आणि शिक्षणाची कास धरली. केसरबाईंचे बालपण मात्र या सगळ्याच्या आधीचे. त्यांच्यापुढे एकच वाट होती, गाण्याची. ती वाट त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती, तरी त्या वाटेवर कसे चालायचे हे पुढे त्यांनीच ठरवले.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांना कोल्हापुरास नेण्यात आले. तेथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे त्या सुमारे आठ महिने शिकल्या. तो योग तुटला आणि त्या गोव्यात परतल्या. मग रामकृष्णबुवा वझे डिचोलीजवळच्या लामगावास येत, तेव्हा त्यांच्याकडे शिक्षण झाले. पण तेही बुवा येतील तेव्हाच. सोळाव्या वर्षी आई व मामांसोबत त्या मुंबईस आल्या. तेथे सतारीये बरकतुल्ला खाँ यांच्याकडे दोनेक वर्षे खंडित तालीम मिळाली. ते म्हैसूर दरबारी गेल्यावर थोडे दिवस भास्करबुवा बखले यांच्याकडे शिकणे झाले. थोर गुरूंची ही नामावली पाहून कोणाला हेवा वाटेल. मला त्यात एका मुलीची परवड दिसते. एका गुरूचा हात सुटतो, दुसऱ्याचा मिळेपर्यंत वर्षे जातात, आणि दुसरा आधीचे शिकलेले पुसून नव्याने सुरुवात करायला लावतो. शाळा बदलावी लागलेल्या आपल्या मुलांना हे कळेल.

हे भटकणे १९२१ मध्ये संपले. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले. खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबाराचे गायक. तरुणपणी गाण्याच्या अतिश्रमाने त्यांचा मूळ आवाज बसला होता. उरलेल्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. लयीशी घट्ट बांधलेली, आकारातून उलगडत जाणारी, एका श्वासात लांबवर नेलेल्या तानांची आणि जोडरागांच्या अवघड वाटांनी फिरणारी ही गायकी आहे. ती शिकायची तर आधीचे बरेचसे विसरावे लागते. केसरबाईंचे वय तेव्हा अठ्ठावीस होते. त्या वयात पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करून त्यांनी सुमारे अकरा वर्षे कठोर तालीम घेतली, आणि त्यानंतरही, १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत, त्यांचे शिकणे थांबले नाही.

येथे थोडे थांबतो, कारण आमच्या गच्चीवरच्या पहिल्या प्रश्नाचा एक धागा इथे सापडतो. त्या काळच्या उस्तादांपाशी विद्येचा मोठा साठा होता, पण ते तो सहजी उघड करत नसत. मैफलीत दुसऱ्या घराण्याचा गवई बसलेला दिसला की ठेवणीतला राग टाळून भलताच राग गाणाऱ्यांच्या गोष्टी संगीताच्या जगात आजही सांगितल्या जातात. काही चिजा मुलाला दिल्या, शिष्याला दिल्या नाहीत. काही कोणालाच न देता माणसे गेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की यांच्याकडे काही नाहीच. वस्तुतः त्या मौनामागे भांडार होते, भीती होती, अभिमान होता, आणि योग्य कान मिळण्याची वाट पाहणेही होते.

१९३० च्या सुमारास केसरबाई व्यावसायिक मैफली करू लागल्या आणि पाहता पाहता देशातील अग्रगण्य गायिकांत गणल्या जाऊ लागल्या. भरदार, तिन्ही सप्तकांत सारख्याच तेजाने फिरणारा आवाज. ललिता गौरी, नट कामोद यांसारखे अनवट राग. मालकंसासारखा ओळखीचा रागही नवा वाटावा अशी मांडणी. त्या बैठकीवर ताठ बसत. बिदागी मोठी मागत आणि ती मिळाल्यावाचून गात नसत. श्रोत्यांनी कसे बसावे, कसे ऐकावे याबद्दल त्यांच्या अटी असत. कित्येकांनी यावरून त्यांना गर्विष्ठ ठरवले. त्यांचा स्वभाव कडक होता यात शंका नाही, आणि त्याचा ताप सहगायकांना व शिकू इच्छिणाऱ्यांना झाला, हेही नाकारता येत नाही. पण ज्या स्त्रियांना बोलावणे येताच उठून गाणे भाग होते, त्यांच्यातलीच एक स्त्री आपल्या अटींवर गाते, नकोसे वाटले तर नकार देते, हे त्या काळच्या श्रीमंत दिवाणखान्यांत किती मोठे धाडस होते याचा विचार टीकाकारांनी क्वचितच केला. मला त्या ताठ बसण्यात गर्वाहून वेगळे काही दिसते.

१९४८ मध्ये कलकत्त्याच्या एका संगीतप्रेमी संस्थेने त्यांना सुरश्री ही पदवी दिली. पुढे ती त्यांच्या नावाचाच भाग झाली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन, आणि महाराष्ट्र शासनाने राज्यगायिका म्हणून, त्यांचा गौरव केला.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र त्या कमालीच्या कृपण. एखादा राग तासभर उलगडणाऱ्या गायिकेला तो तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कोंबणे रुचणे कठीणच. आपले गाणे कसे सादर व्हावे याबद्दल त्या अत्यंत चोखंदळ होत्या. त्यामुळे एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी मोजकीच ध्वनिमुद्रणे केली. शिष्यांच्या बाबतीतही तेच. धोंडूताई कुलकर्णी यांच्याखेरीज त्यांनी कोणाला मनापासून विद्या दिल्याचे दिसत नाही. आणि १९६३-६४ च्या सुमारास, वय सत्तरीच्या घरात असताना, आवाज उतरल्याची कुजबुज ऐकू येण्याआधीच, त्यांनी जाहीर गाणे थांबवले. त्यानंतरची तेरा-चौदा वर्षे त्या मुंबईतच होत्या, हयात होत्या, पण मैफलींपुरत्या मूक होत्या. त्यांना ऐकण्याची इच्छा असलेल्यांची संख्या या काळात काही कमी झाली नव्हती.

आता जरा दूरच्या गोष्टीकडे वळू. त्याच दशकांत जगाच्या दुसऱ्या टोकाला काही शास्त्रज्ञ आकाशाला कान लावून बसले होते. १९५० मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस येथे जेवणाच्या टेबलावर एन्रिको फर्मी यांनी आमच्या सातवीतल्या मुलाचाच प्रश्न सहकाऱ्यांना विचारला होता : विश्व एवढे जुने आणि अफाट आहे, तर मग बाकीचे सगळे आहेत कुठे? दहा वर्षांनी, १९६० मध्ये, फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बीण सूर्यासारख्या दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळवली आणि कोणी साद घालते आहे का हे ऐकण्याचा प्रयत्न केला. काही ऐकू आले नाही. तेव्हापासून आजपर्यंत, कितीतरी मोठ्या दुर्बिणी आल्या तरी, कोणा बुद्धिमान प्राण्याचा म्हणता येईल असा एकही खात्रीलायक संदेश आलेला नाही.

या शांततेची कारणे काय असू शकतील यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी म्हणतात, दुसरे कोणी नाहीच. कोणी म्हणतात, प्रगत संस्कृती जन्मतात पण फार काळ टिकत नाहीत, स्वतःच्याच शस्त्रांनी नष्ट होतात, आणि दोन संस्कृती एकाच वेळी जाग्या असण्याचा योग येत नाही. ड्रेक यांनी १९६१ मध्ये अशा संस्कृतींच्या संख्येचा अंदाज बांधण्यासाठी जे समीकरण मांडले, त्यात शेवटी त्यांचे आयुर्मानच निर्णायक ठरते. १९७३ मध्ये जॉन बॉल यांनी वेगळाच विचार मांडला : त्यांना आपण ठाऊक आहोत, पण आपल्या वाढीत ढवळाढवळ नको म्हणून ते दुरूनच पाहत आहेत. मला स्वतःला अंतराचे साधे कारण अधिक पटते. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. रेडिओ मात्र आपल्या हाती येऊन जेमतेम सव्वाशे वर्षे झाली आहेत. आपला आवाज अजून शेजारच्या गल्लीपर्यंतही पोहोचलेला नाही.

आणि एक कारण भीतीचे. नोव्हेंबर १९७४ मध्ये आरेसिबोच्या दुर्बिणीतून १,६७९ अंकी संकेतांचा एक संदेश सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या तारकागुच्छाकडे पाठवला गेला. त्यावर इंग्लंडचे राजज्योतिषी मार्टिन राइल यांनी हरकत घेतली. अनोळखी शक्तींना आपला ठावठिकाणा कळवणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ही भीती हास्यास्पद नाही. केसरबाईंच्या गोव्याने १५१० मध्ये समुद्रातून आलेल्या परक्यांना पाहिले होते. ते परत जायला १९६१ चा डिसेंबर उजाडला. राइल यांना उत्तर देणाऱ्यांचे म्हणणे एवढेच की, आता उशीर झाला आहे. आपली रेडिओ, दूरदर्शन आणि रडार केंद्रे कित्येक वर्षे अवकाशात आवाज गळवतच आहेत.

दोन्ही बाजू समोर असतानाच १९७७ साल आले. नासाची व्हॉयेजर ही दोन याने गुरू, शनी आणि त्यापलीकडे जाऊन अखेर सूर्यमालेच्या बाहेर पडणार होती. त्यांच्यावर मानवजातीची ओळख सांगणारी एक तबकडी लावण्याचे काम कार्ल सेगन यांच्याकडे आले. फ्रँक ड्रेक, अॅन ड्रुयान, टिमोथी फेरिस, जॉन लोम्बर्ग आणि लिंडा साल्झमन सेगन यांनी मिळून काही महिन्यांत ती सिद्ध केली. बारा इंच व्यासाची, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी. तिच्यात शंभरावर चित्रे, पृथ्वीवरील निसर्गाचे व माणसांचे आवाज, ५५ भाषांतील शुभेच्छा आणि सुमारे दीड तासाचे संगीत आहे. ती कशी वाजवावी, आणि ती कोठून आली, हे वेष्टनावर रेखाचित्रांनी कोरलेले आहे. शुभेच्छांत मराठीही आहे. गुजराती शुभेच्छेत संपर्क साधण्याची स्पष्ट विनंती आहे. मराठी शुभेच्छेत तशी काही मागणी नाही, केवळ या पृथ्वीवरच्या लोकांच्या सदिच्छा आहेत आणि ऐकणाऱ्यांचे भले व्हावे अशी इच्छा आहे. दोन शेजाऱ्यांच्या स्वभावातला हा फरक मुलांना सांगितला तेव्हा गच्चीवर बराच हशा पिकला.

आता त्या मुलीचा प्रश्न. गाणाऱ्यांची निवड कशी झाली? संगीताचे २७ तुकडे निवडायचे होते. बाख, बीथोव्हेन, मोझार्ट आले, जावा बेटावरचे गामेलान आले, चीनच्या कुचिन या तंतुवाद्याचे वादन आले. भारतासाठी समितीने रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकांचे मत घेतले. जगभरच्या संगीताचा त्यांचा व्यासंग मोठा होता. भारतीय शास्त्रीय संगीताचे आपल्याला ठाऊक असलेले सर्वोत्तम ध्वनिमुद्रण म्हणून त्यांनी केसरबाईंच्या भैरवीचे नाव दिले : ‘जात कहाँ हो’. ती तबकडी तेव्हा बाजारात मिळेना. अॅन ड्रुयान यांनी न्यूयॉर्क पालथे घातले, आणि अखेर लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूच्या एका टेबलाखाली, खोक्यात पडलेल्या तिच्या न उघडलेल्या प्रती त्यांना सापडल्या. जिने आयुष्यभर ध्वनिमुद्रणाला नाके मुरडली, तिचा आवाज असा एका खोक्यातून ताऱ्यांकडे निघाला.

ब्राउन यांनी केसरबाईंचे कूळ विचारले नव्हते. त्यांच्या आईचे लग्न झाले होते की नव्हते, त्यांना देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत येऊ देत, यातले काही त्या समितीच्या टेबलावर नव्हते. टेबलावर फक्त स्वर होता. त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन या अमेरिकेतल्या आंधळ्या कृष्णवर्णीय गायकाचे गाणे आहे. रस्त्याच्या कडेला गाऊन तो पोट भरे, आणि १९४५ मध्ये घराला आग लागल्यानंतर त्याच जळक्या घरात राहून दारिद्र्यात मेला. मानवजातीची बाजू मांडायला निघालेल्यांत ज्यांना मानवजातीने पंक्तीबाहेर बसवले होते असे दोघे तरी आहेत. ही निवड काही परिपूर्ण नव्हती. पृथ्वीवरच्या चारशे कोटी लोकांच्या वतीने ती मूठभर अमेरिकनांनी केली, आणि त्या मुलीने त्यावर नापसंतीने मान हलवली, ते मला योग्यच वाटले. पण निवडणाऱ्यांनी कान उघडे ठेवले होते, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

ज्या चिजेची निवड झाली, तिच्यात एकट्या निघालेल्या तरुणीला, कुठे चाललीस, असे विचारलेले आहे. भैरवी हा राग आपल्याकडे मैफलीच्या शेवटी गायचा, त्यानंतर दुसरे काही गायचे नाही असा संकेत आहे. आरंभी भैरवी गाऊन कोणी मैफल मांडत नाही. परक्यांना आपली पहिली ओळख आपण भैरवीने करून दिली आहे हे जाणकारांना चमत्कारिक वाटेल; अर्थात ऐकणाऱ्यांना तो संकेत ठाऊक असण्याचे कारण नाही.

व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी, आणि व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबर रोजी निघाले. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, मुंबईत केसरबाईंचे निधन झाले. वय पंच्याऐंशी वर्षांचे होते.

ती याने आजही जात आहेत. व्हॉयेजर १ ने ऑगस्ट २०१२ मध्ये आणि व्हॉयेजर २ ने नोव्हेंबर २०१८ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची सीमा ओलांडली. पहिले यान आता सुमारे २,५०० कोटी किलोमीटर दूर असून सेकंदाला १७ किलोमीटर या वेगाने पुढे जात आहे. त्याचा क्षीण रेडिओसंकेत येथे पोहोचायला जवळपास एक दिवस लागतो. एवढा वेग असूनही दुसऱ्या कोणत्या ताऱ्याच्या आसपास, म्हणजे दीडएक प्रकाशवर्षाच्या अंतरावर, पोहोचायला त्याला सुमारे ४०,००० वर्षे लागतील. त्याच्या फार पूर्वी यानातील वीज संपेल, ते कायमचे मूक होईल, आणि तबकडी तेवढी उरेल. कोणी उचलून वाजवली, तरच ती बोलेल. ती कोणाच्या हाती पडण्याची शक्यता किती थोडी आहे हे ती पाठवणाऱ्यांना पुरते माहीत होते.

मग पाठवायची कशाला, असे सातवीतल्या त्या मुलाने विचारलेच. मी त्याला उलट विचारले की, केसरबाईंनी अकरा वर्षे तालीम घेतली तेव्हा समोर श्रोते किती होते? त्याने बोट वर करून एक, म्हणजे गुरू, असे दाखवले. तथागतांना मालुंक्यपुत्ताने विश्व सांत की अनंत असे विचारले, तेव्हा तथागतांनी तो प्रश्न अनुत्तरित ठेवला, ही कथा मुलांच्या पाठात आहे. आठवीतल्या त्या मुलीने ती तत्काळ काढली आणि न बोलणे म्हणजे ठाऊक नसणे नव्हे, असा मुद्दा मांडला. कोणी मूक आहे एवढ्यावरून त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही असा निष्कर्ष काढता येत नाही, एवढे आमचे त्या रात्री ठरले. केसरबाईंच्या शेवटच्या चौदा वर्षांनी ते आम्हाला पटवले. बाकी प्रश्न तसाच राहिला.

ज्यांना तो पुढे न्यायचा असेल त्यांच्यासाठी एक सांगतो. मुरबाडवरून माळशेज घाट चढून गेले की नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती विद्यार्थ्यांसाठी खुली असते. आकाश ऐकणे म्हणजे काय हे तेथे प्रत्यक्ष दिसते. आणि कोणी गोव्याला गेले तर फोंड्याजवळ केरीलाही जावे. केसरबाईंच्या एका घराच्या जागेवर आता त्यांच्याच नावाचे हायस्कूल उभे आहे. ज्या गावात त्यांना शाळेची पायरी लाभली नाही, तेथे रोज त्यांच्या नावाखाली हजेरी घेतली जाते.

त्या रात्री गच्चीवर मी मोबाइलवरून मुलांना ती भैरवी ऐकवली. साडेतीन मिनिटांचे गाणे. पहिल्यांदा कोणी कोणी हसले, कारण असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग सगळी गप्प झाली. गाणे संपायला अर्धा मिनिट उरला असेल, तोच वीज आली, आसपासचे माग एकदम सुरू झाले आणि शेवट कोणालाच ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच-सहा मुली अभ्यासिकेत आल्या, त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि ते गाणे पुन्हा लावायला सांगितले.